वैशाखातला अळू

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भरे गावात पहिला प्लास्टिकचा पाइप आला, आणि आला तो नेमका रंभाबाईच्या दारात. तिचा भाऊ कोंडाजी पिंपरीच्या एका कारखान्यात होता. त्याने डोंगरातल्या झऱ्यापासून बहिणीच्या ओट्यापर्यंत पाइप पुरून दिला आणि शेवटाला पितळी तोटी बसवली.

पाइप गेला होता थोरली जाऊ गोजराबाई हिच्या परसातून. जागा तिच्या नवऱ्याने दिली, भावाचं घर म्हणून. हिला कोण विचारतो? ही आपली डोक्यावर हंडा घेऊन विहिरीला.

गोजराबाई जळायची. त्यात लपवण्यासारखं काय आहे? रंभाने गोडीत म्हटलं, "आक्का, हंडा हितं लावा की, कशाला तंगडतोड करताय?" की तिला आणखीच झोंबायचं.

"नगं बाई. देवानं पाय दिल्यात आमाला," असं म्हणून ती रिकामा हंडा मुद्दाम वाजवत निघायची.

पण वैशाखात, गुरांनाही हिरवं दिसेना तेव्हा, गोजराबाईच्या परसात अळूने सुपाएवढी पानं काढली. ती तर त्याला फक्त भांड्याचं धुणवण घालत होती. गावातल्या बाया बघायला येऊ लागल्या. "गोजराबाईच्या हाताला गुण हाय," असं साळूबाई चारचौघींत म्हणाली, तेही रंभाच्या ओट्यावर बसून! त्या दिवशी गोजराबाई एक भाकरी जास्त जेवली. त्यातच रंभाच्या तोटीची धार करंगळीएवढी झाली होती. झरा आटला, असं सगळे म्हणाले. गोजराबाईला वाईट वाटलं म्हणावं तर ते खोटं होईल.

रंभाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. गोजराबाईने न मागता पाटीभर अळू नेऊन दिला.

"पाहुन्यास्नी फतफतं कर. तुज्या नळाखाली कुटं यायला असला अळू!"

कोंडाजी तिथेच बसला होता. त्याने एक पान उचलून उलटसुलट केलं.

"आक्का, वैशाखात असला अळू? कुटं लावलाय?"

"परसात, चुलीच्या मागं. या की बघाया," ती फुशारकीने म्हणाली.

तो आला, पण कुदळ घेऊन आला.

हातभर खणल्यावर गढूळ पाणी वर आलं. पाइप जोडाशी चिरला होता आणि अळूची मुळं त्याला लेकरासारखी बिलगली होती. गोजराबाई दाराला धरून बघत राहिली. गुण तिच्या हातात नव्हताच. पाणी होतं, आणि तेही रंभाचं.

"आक्का, चुलीत इस्तू हाय न्हवं?" कोंडाजीने विचारलं.

तिने निखारे पुढे ओढले. त्याने चिरलेला भाग करवतीने कापून काढला. नव्या तुकड्याची तोंडं निखाऱ्यांवर फिरवून मऊ केली आणि चिकट डिंक लावून जुन्या पाइपावर दोन्हीकडून सरकवली. तिच्याच चुलीवर रंभाचा नळ दुरुस्त झाला. पलीकडे तोटी धो धो वाहू लागली.

उपटलेला अळू उन्हात मलूल पडला होता. रंभा म्हणाली, "आक्का, गड्डे नेऊ का मी? वाळून जात्याल."

"ने. मला काय करायच्यात?"

रंभाने खरंच सगळे नेले.

मृगाच्या तोंडाला रंभाच्या तोटीखाली अळू डोलू लागला. बाया बघायला जमल्या. हाताचा गुणही साळूबाईने इकडून तिकडे नेऊन ठेवला. रंभाने फतफतं केलं आणि पहिली वाटी थोरल्या जावेला आणून दिली. वर म्हणते कशी, "तुमचाच हाय, आक्का."

रंभा गेल्यावर गोजराबाईने वाटी पुढे ओढली. निदान घसा तरी खवखवावा, मग सांगता येईल गावभर, म्हणून तिने मोठा घास घेतला. थोडी थांबली. आणखी एक घेतला.

काही खवखवलं नाही. फतफतं इतकं चांगलं झालं होतं की गोजराबाईला रडू कोसळलं.