मी ऑटोमॅटिक सिग्नल नाही

मी लाल इशारा बोलतोय. तुमचा ब्राउझर धोक्याच्या जागी निघाला की पडदाभर पसरून आडवा येतो, तो मीच. तुम्ही मला पाहिलंय. वाचलं मात्र नसेल. लाजू नका, मला सवय आहे.

माझं काम साधं आहे. तुम्ही साईटला जे पाठवता ते बंद पाकिटातून जावं, वाटेत कुणी फोडून वाचू नये, आणि ज्याच्या नावचं आहे त्याच्याच हाती पडावं, एवढंच मी बघतो. साईटच्या ओळखपत्राची मुदत संपलेली दिसली तर पांढऱ्या पानावर लाल त्रिकोण घेऊन उभा राहतो. साईटच भामट्याची निघाली तर अख्खं पान लाल करतो. परतीचं बटण चांगलं ठळक ठेवतो आणि पुढं जायची वाट बारीक अक्षरांत दडवतो. तुम्हा लोकांना ठळक दिसत नाही आणि बारीक बरोबर सापडतं. धन्य आहे तुमच्या डोळ्यांची!

माझी नेमणूक हिंदी मुलखातल्या चरोद्याला, शामरावांच्या कॉम्प्युटरवर. शामराव रेल्वेतले निवृत्त लोको पायलट. सगळ्या नोकरीत एकदाही लाल सिग्नल चुकून ओलांडला नाही, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. पाहुणा चहा संपवून उठला तरी दारापर्यंत ऐकवतात. असा मालक मिळाला म्हणून मी खूश होतो. मूर्ख मी!

शामरावांना रोज सकाळी आपल्या निवृत्त मंडळींची साईट बघायची असते. ती चालवतो राजकुमार नावाचा एक उत्साही गृहस्थ. साईटचं ओळखपत्र कधीच संपलंय. ते नवं करायचा त्याला कंटाळा. म्हणून मी रोज आडवा येतो. शामरावांनी फोन करून विचारलं, तर हा शहाणा म्हणाला, "कुछ नहीं काका, ऑटोमॅटिक सिग्नल समजा न. थांबाचं अन् निघाचं."

शामरावांना ते एकदम पटलं. रेल्वेत 'ए' अशी पाटी लावलेला ऑटोमॅटिक सिग्नल असतो. तो लाल असला तरी दिवसा एक मिनिट थांबायचं, शिट्टी द्यायची आणि जपून पुढं जायचं, असा नियम आहे. तेव्हापासून शामराव माझ्यासमोर घड्याळ बघत मिनिटभर बसतात आणि मग बारीक अक्षरांवर दाबतात. शिट्टी वाजवत नाहीत, एवढे माझ्यावर उपकार. अहो, माझ्यावर 'ए'ची पाटी कुठं दिसली तुम्हाला? प्रितमनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ब्राउझर मराठीत करून ठेवलाय. मी मराठीत ओरडतो, आणि हे घड्याळ बघतात.

त्यांच्या बायकोचं नाव अंजनाबाई. भुलाबाईची गाणी म्हणावीत तर त्यांनीच, असं सगळी कॉलनी म्हणायची. गळ्याच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. त्याआधी प्रितमनं ती गाणी त्यांच्या आवाजात मोबाईलवर घेतली होती, ती शामरावांच्या ई-मेल खात्यात ठेवली आणि तो मोबाईल विकून टाकला. दुसरी प्रत काढून ठेवायची असते, हे हथखोजच्या कारखान्यात मशिनी सांभाळणाऱ्या या पोराला सुचलं नाही. शामराव जेवण झालं की एक गाणं लावायचे. अंजनाबाई शेजारी बसून नुसते ओठ हलवायच्या.

एका दुपारी त्या ई-मेलवर निरोप आला. तुमच्या खात्यातली जागा भरली आहे, आजच इथं पासवर्ड टाका, नाहीतर सगळं पुसलं जाईल. शामराव घाबरले. गाणी जातील, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं. निरोपात दिलेल्या जागी त्यांनी दाबलं आणि मी आलो. या वेळी पांढरा नाही, अख्खा लाल. ही साईट फसवी आहे, तुमचा पासवर्ड चोरला जाईल, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. याहून स्पष्ट मला येत नाही.

अंजनाबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, मला वाचलं, आणि वाटी ताटावर आपटू लागल्या.

"थांब व, थांबूनच राहिलो ना," घड्याळावरची नजर न काढता शामराव म्हणाले. "मिनिट तं होऊ दे."

अंजनाबाईंनी शामरावांचं मनगट धरलं. शामरावांनी ते हळूच सोडवलं आणि मला ओलांडून गेले. पलीकडच्या पानाला कुलपाचं चिन्हसुद्धा होतं. कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचणार नाही, इतकंच. पाकीट चोराच्या घरी चाललं असेल, तर ते नीट बंद होऊन चोराच्या घरी जातं. शामरावांनी कुलूप पाहिलं, समाधानानं मान डोलावली आणि पासवर्ड टाकला.

संध्याकाळपर्यंत चोरानं पासवर्ड बदलला होता. प्रितमनं पुष्कळ खटपट केली, पण खातं परत मिळालं नाही, आणि त्यातली गाणीही.

"बाबा, कावून दाबलं तुमी? इतना बड़ा लिखा था!"

"मी थांबलो होतो ना रे," शामराव म्हणाले. "पुरा मिनिट थांबलो होतो."

मला हसायला यायला हवं होतं. नाही आलं. अंजनाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि त्यांचं रडणंही ऐकू येत नव्हतं.

तुम्हाला सांगतो, माझ्यासमोर नुसतं थांबू नका. थांबून काय दिवे लावता? वाचा. दोन ओळी असतात माझ्या. एवढ्या वेळात तुम्ही शेजाऱ्याच्या घरी कोण आलं ते बघून येता.

राजकुमारच्या साईटचं ओळखपत्र अजून संपलेलंच आहे, म्हणून सकाळी मी येतोच. शामराव आता घड्याळ बघत नाहीत. माऊसवरचा हात काढतात आणि खुर्ची सरकवून अंजनाबाईंना जागा देतात. त्या माझ्या ओळींखाली बोट फिरवत मला वाचतात, आवाजाशिवाय. शामराव माझ्याकडं बघतही नाहीत. त्यांचं सगळं लक्ष अंजनाबाईंच्या ओठांकडं असतं.