ओसाड माळावरची विहीर

आमच्या विष्णुपंतांचा एका इंग्रजी कादंबरीवर जीव जडला, तेव्हा लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. पूर्वी भिंगारच्या छावणीत असलेल्या एका कप्तानानं ती लिहिली होती आणि पुण्याच्या प्रकाशकाला मराठीत हवी होती. शाळेला जाण्याआधी हे सांगत आणि मी चुलीशेजारी बसून उतरवून घेई. सेहेचाळीसचा उन्हाळा होता.

पाचव्या प्रकरणात कप्तान घोड्यावरून तोफांच्या सरावासाठी जागा शोधायला निघाला, तसे हे खुलले.

"लिही. 'दोन शिंगांच्या टेकडीखाली नुसता माळ पसरला होता. ना घर, ना माणूस. इथे तोफ डागली तर कोणाचेच काही बिघडणार नव्हते.' काय वर्णन आहे! ओसाडपण अगदी अंगावर येतं."

दूध घालायला आलेली राहीबाई दारात उभी होती. एरवी तिला दम नसतो. आज ती उंबऱ्यावरच टेकली.

"मास्तर, दोन शिंगांची टेकडी म्हंजी आमची?"

"तुमची कशी? ही कादंबरी आहे, राहीबाई. कल्पनेतली."

"टेकडी कल्पनेतली व्हय? तिच्या बुडाला आमचा बोरमळा हुता. छत्तीस घरं. लढाईच्या दुसऱ्या साली लष्करानं जमीन घेतली, तवा म्या माझ्या हातानं चूल फोडून निगाले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, हीर लिवली का?"

"विहीर नाही त्यात."

"माझ्या सासऱ्यानं तीन उन्हाळं खांदली ती. गोळं पडून बुजली आता. पुस्तकात बी न्हाई म्हनलं तर नातवंडं म्हनतील, आजी थापा मारती. छापलेलं खरं धरत्यात, मास्तर. टाका की येवढीशी हीर."

"किती खोल होती?" मी विचारलं.

"पस्तीस हात."

यांनी मान हलवली. "लेखकानं लिहिलं नाही ते मी घालू शकत नाही. दुसऱ्याच्या पंगतीत आपली भाजी वाढायची नसते."

राहीबाई दूध ओतून गेली. मग मी दोन दिवस निमूट लिहीत राहिले. आमच्या घरात याचा अर्थ यांना बरोबर कळतो.

तिसऱ्या दिवशी हे जरा जपूनच सांगत होते. "'मे महिन्याच्या उन्हाने दमलेल्या कप्तानाने आंब्याच्या गर्द सावलीत घोडा बांधला. त्याच्यापुढे कडबा टाकला आणि स्वतः गार पाणी प्याला…'"

माझा हात थांबला. "अहो, पाणी कुठून आलं?"

"असेल कुठून तरी."

"मे महिन्यात? ओसाड माळावर? आणि कडबा काय आभाळातून पडला? आंबा कोणी लावला?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. जे वर्णन ऐकवून शाळेतल्या सगळ्या मास्तरांचे कान खाल्ले होते, तेच पुन्हा पुन्हा वाचत बसले.

"विहीर दिसली होती त्याला," शेवटी हळूच म्हणाले. "पाणी पिण्यापुरती दिसली."

"मग?"

"मग लिही. 'बोरमळ्याच्या विहिरीचे गार पाणी प्याला.' पाणी आहे तिथं विहीर आहेच. गावाचं नाव मात्र माझ्या पदरचं. प्रकाशक बोलला तर बोलू दे."

बावीस वर्षांत हा माणूस मला इतका देखणा कधी दिसला नव्हता. मी अर्थातच तसं सांगितलं नाही. चहात साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी राहीबाईनं ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "ह्यातली हीर कंची?" म्हणाली. मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. ते तिनं बराच वेळ उचललं नाही.

"प्याला," ती म्हणाली, "मंग पुढं काय म्हनला?"

हे खाकरले. "पुढं आहे, 'पाणी बरे होते.'"

"बरं?" राहीबाई ताडकन उठली. "निसतं बरं? आवो, ते पानी प्यायला पाव्हनं वाट वाकडी करून यायचं!"

"ते मात्र मी बदलणार नाही हं. ते त्याचं मत आहे."

"नका बदलू," राहीबाईनं चरवी काखेला लावली. "त्याच्या जिबंला चव न्हवती, ते बी कळू द्या लोकास्नी."