मेणाच्या दातांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी कॅनव्हासची पिशवी आहे. सायकलच्या कॅरिअरला, उजव्या अंगाला, दोन चामडी पट्ट्यांनी लटकते. माझा रंग कधीकाळी पांढरट होता, आता कोणता आहे ते विचारू नका. पिशवी म्हटलं की तुम्हाला भाजी आठवणार. मी मात्र आयुष्यभर दात वाहिले.

दचकू नका. माझ्या मालकीणबाई कवळ्या करतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालतं. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप पाठवतात, बाई त्यावर आधी मेणात दात बसवतात. ते दात दवाखान्यात नेऊन तोंडात घालून बघायचे, आणि नीट बसले की परत आणून पक्की कवळी करायची. म्हणजे एकेका कवळीमागे खेपाच खेपा, आणि सगळ्या सायकलवर.

आधी बाई खांद्याला झोळी अडकवून जायच्या. ती घसरून पुढे यायची आणि गुडघ्यावर आपटायची. शेवटी कोणीतरी त्यांना एका तंबू शिवणाऱ्या कारागिराकडे धाडलं. त्याची एक खोड होती. सायकल आणि सामान डोळ्यांसमोर असल्याशिवाय तो कापडाला कात्री लावायचा नाही.

"रिकाम्या हाताने पिशवी घ्यायला आलात?" तो म्हणाला. "चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जाता का?"

बाई फणफणत घरी गेल्या आणि सायकल व स्टीलचा डबा घेऊन परत आल्या. कारागिराने झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"अरे बापरे! हे कोणाचे?"

"गिऱ्हाइकाचे. हसू नका, उद्या तुम्हालाही लागतील."

त्याने मेणाला हलकेच बोट लावून पाहिलं. मग हातातलं काळं कापड ठेवून दिलं आणि पांढरट कॅनव्हास काढलं. "आत मेण जाणार, तर काळं नको. उन्हात तापतं." मला शिवून झाल्यावर त्याने कॅरिअरला लावलं आणि बाईंना पायडल मारायला सांगितलं. त्यांची टाच मला लागत होती. मला चार बोटं मागे सरकवलं, पुन्हा पायडल मारायला लावलं. असं तीनदा झालं. बाई म्हणाल्या, "एवढी मापं तर माझ्या लग्नातही कोणी घेतली नव्हती!"

पुढे चौदा वर्षं मी ती नोकरी केली. एक दात इकडचा तिकडे झाला नाही. सुरुवातीला बाई दरवर्षी माझ्या पट्ट्यांना तेल लावायच्या, शिवण तपासायच्या. दवाखान्यात सगळे मला ओळखायचे. कौतुक ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग कामं वाढली आणि तेल लावायचं राहून जाऊ लागलं. मी कुरकुरायचे, पण पिशवीची कुरकुर कोण ऐकतो?

एक दिवस बाईंच्या मुलीने नवी पिशवी आणली. काळीकुळकुळीत, चकचकीत, पाणी न शिरणारी.

"आई, किती दिवस ते लक्तर मिरवणार? ही बघ, दुकानातली सगळ्यात भारी."

"अगं, सायकल न नेताच आणलीस?"

"आई! पिशवी आहे ती, सून नाही."

पोरीने हौसेने आणलेली, बाईंना मोडवेना. कारागिराचे काळ्या कापडाबद्दलचे शब्द त्या पार विसरून गेल्या होत्या. मी दारामागच्या खिळ्यावर गेले आणि माझ्या पोटात जुनी वर्तमानपत्रं आली. गरज सरो, वैद्य मरो. मित्रांनो, मी जळले हो त्या काळीवर! रोज ती ऐटीत जायची आणि मी खिळ्यावरून बघत बसायचे.

त्या उन्हाळ्यात एका निवृत्त मास्तरांची कवळी पडून फुटली. रविवारी त्यांच्या नातीचं लग्न होतं आणि तिने हट्ट धरला होता की चार शब्द बोलायचे ते आजोबांनीच. मास्तर तर तोंडावर रुमाल धरून बसलेले. घरातही बोलत नव्हते. बाईंनी हातातली कामं बाजूला ठेवून त्यांचे दात लावायला घेतले आणि बुधवारी भर बारा वाजता ते काळ्या पिशवीतून नेले.

तासाभराने परत आल्या त्या तोंडचं पाणी पळालेल्या. डबा टेबलावर ठेवून त्यांनी झाकण उघडलं. मेण मऊ पडलं होतं आणि पुढचे चार दात भांडण झाल्यासारखे एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"झिप तर बंद होती ना?" मुलीने विचारलं.

"तेच तर! बंद आणि काळी. भट्टी झाली गं तिची. चूक माझीच, मला सांगितलं होतं त्या तंबूवाल्या कारागिराने. डॉक्टर म्हणाले, उद्या बारापर्यंत आणा, नाहीतर लग्नाआधी कवळी होणं शक्य नाही."

मुलीचा चेहरा पडला. बाईंनी मात्र दिवा पेटवला, मेण तापवलं आणि एकेक दात उपटून पुन्हा बसवायला घेतला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दात तयार होते आणि बाहेर ऊन रणरणत होतं. बाईंनी मला खिळ्यावरून काढलं, वर्तमानपत्रं ओतली. पट्टी ओढली तर ती वाळून तडकलेली. मला धडकी भरली. इतकी वर्षं मिरवलं, आणि आजच रस्त्यात सुटले तर?

मुलगीच धावली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने मला कॅरिअरला करकचून बांधलं. डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं. "जा आई. सावकाश जा."

दवाखान्याच्या अलीकडच्या गतिरोधकावर माझी पुढची पट्टी तुटली. मी तिरकी झाले, पण रबराने धरून ठेवलं. डबा कप्प्यात घट्ट होता. मी अंग चोरून तशीच लटकत राहिले.

डॉक्टरांनी दात मास्तरांच्या तोंडात घातले. बाई मला पोटाशी धरून उभ्या होत्या.

"मास्तर, साठपासून आकडे म्हणा. 'स' नीट आला की जिंकलो."

मास्तरांनी रुमाल खाली घेतला. "साठ. एकसष्ट. बासष्ट." आवाज आधी बारीक होता. अडुसष्टला तो खणखणीत झाला आणि सत्तरला बाहेर बसलेले लोक आत डोकावू लागले.

"आता काढा," डॉक्टर म्हणाले. "पक्के होऊन शनिवारी मिळतील."

बाईंनी दात डब्यात ठेवले. फडकं उन्हाने कोरडं पडलं होतं, आणि तेवढंच ऊन परतीच्या वाटेवर होतं. मास्तर उठले. नळाखाली त्यांनी स्वतःचा रुमाल भिजवला, पिळला आणि डब्याला गुंडाळला.

"घ्या," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "मला आता नको." आणि लोकांदेखत मोकळेपणी हसले.

रविवारी ते पाऊण तास बोलले म्हणे. शेवटी नातीनेच त्यांना खाली बसवलं.

आता मला नव्या पट्ट्या आहेत आणि तेल लावायचं काम मुलीने घेतलं आहे. काळी कॅरिअरच्या डाव्या अंगाला असते, साचे ओतायचं प्लास्टर वाहते. पावसात तिच्यासारखी तीच, हे मी मान्य करते. मित्रांनो, पिशवी घ्यायला जाल तेव्हा सायकल न्या, सामान न्या, आणि आणलेल्या पिशवीला विसरू नका. मास्तरांचा रुमाल अजून माझ्या कप्प्यात आहे. उन्हाळ्यात बाई तो रोज भिजवतात.