कूलरच्या पाठीमागे

मूर्तिजापूरचा उन्हाळा काढायचा तर कूलरसमोरच. आमचा कूलर चाकांच्या स्टँडवर, मागच्या दारात उभा असतो. त्या दुपारी वाळ्याच्या गार वाऱ्यात मी डोळे मिटले आणि थेट तेल्हाऱ्याला, माहेरच्या कापसाच्या ढिगात जाऊन पडले. दमा नव्हता, वय नव्हतं. नुसतं पांढरं, मऊ. मग त्या कापसाला उग्र, गोडसर वास सुटला. कापूस नाकात शिरला, छातीत भरला. मी खोकतच उठले आणि उशीखालचा पंप तोंडाला लावला.

वास खराच होता. खिडकीतून पाहिलं तर सून रागिणी कूलरच्या पाठीमागे, सावलीत बसून एका नवरीला अॅक्रेलिकची नखं लावत होती.

"आई, तुमाले तरास नको म्हनून तं बाहेर बसली मी!"

"अवं, कूलर काय घरातली हवा घेते? बाहेरचीच ओढते ना! सारा वास मलेच पाजून राहिली तू!"

तिचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दुपारी तिनं टेबल अंगणाच्या पार टोकाला नेलं. डोक्यावर ओला दुपट्टा, चहूकडून झळा. माझ्याकडे निव्वळ वाळ्याचा वारा. डोळे मिटले, कापूसही दिसला, पण झोप काही येईना.

चरफडत उठले आणि कूलरचं तोंड अंगणाकडे फिरवलं.

"घे, आता तू माही हवा खाय!"