नदीचा पोशाख आणि उलटे अक्षर

मित्रांनो, मी एक जुना पोशाख आहे, आणि तोही माणसाचा नव्हे, नदीचा. हसू नका. वाल्मोंतच्या ड्यूकसाहेबांच्या दरबारात नद्या, वारे, ग्रह, ऋतू असे सगळेच नाचत असत. त्या नाचाला बॅले म्हणत. तेव्हा त्याला वेगळा रंगमंच नव्हता आणि पोटासाठी नाचणारे नर्तकही नव्हते. महालातल्या मोठ्या दालनाची फरशी हाच मंच आणि दरबारचे सरदार हेच नर्तक. बायकांच्या भूमिकाही मुखवटे लावून पुरुषच करीत. म्हणून मी नदी असलो तरी माझ्या आत ओदिने नावाचे सरदार असत. वय सेहेचाळीस, पोट सुटलेले, आणि मिशी मुखवट्यात मावता मावत नसे.

मला शिवले पेरीनबाईंनी. पोशाखघराचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. पहिला टाका घालण्याआधी त्या डोळे मिटून म्हणत, "देवा, सुई तुझी, हात माझा." मग अकरा आठवडे त्या माझ्यावर वाकून होत्या. हिरवट निळे रेशीम, आत खळ घालून ताठ केलेले जाड कापड, वर जरीचे तीनशे मासे. कमरेला बारा हात लांब निळा पदर. ओदिने चालू लागले की तो मागे फरशीवर पसरे, तेच माझे पाणी. माझे वजन अकरा शेर होते. एवढे अंगावर घेऊन उड्या कोण मारणार? त्यामुळे आमचा नाच म्हणजे संथ चालणे, वळणे आणि सगळ्यांनी मिळून फरशीवर आकृती काढणे. रांगोळी जशी गच्चीवरून खरी दिसते, तसा आमचा नाच उंच जागेवरून खरा दिसे.

त्या वर्षी ड्यूकसाहेबांचे लग्न ठरले. नवरी आलिएनोर शेजारच्या घराण्यातली. दोन्ही घराण्यांत नऊ वर्षे लढाई चालली होती आणि या लग्नाने ती मिटणार होती. बॅलेच्या शेवटी नवरीच्या नावाचे पहिले अक्षर काढायचे होते. त्यांच्या लिपीतला 'आ' तंबूसारखा असतो. वर टोक, खाली फाकलेले दोन पाय आणि मध्ये आडवी रेघ. सहा-सहा सरदारांच्या दोन रांगा म्हणजे पाय आणि मध्ये आडवी वाहणारी नदी म्हणजे मी. दोन काठ जोडणारी.

नाच बसवणारे तिबो गुरुजी त्रेसष्ट वर्षांचे होते. आदल्या वर्षी त्यांच्या बॅलेत गुरू आणि शनी हे ग्रह झालेले सरदार एकमेकांवर आदळून पडले होते. तेव्हा ड्यूकसाहेबांनी सांगून टाकले होते, "पुन्हा चूक झाली, तर मी इटलीहून नवा गुरू आणीन." म्हणून गुरुजी तीन महिने हातात नकाशाचा कागद आणि काखेत छोटे सारंगीसारखे वाद्य घेऊन आमच्यामागे धावत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळ्या पोशाखांसह शेवटची तालीम होती. माझी किनार फरशीवर नीट बसते की नाही हे पाहायला पेरीनबाई वरच्या सज्जात गेल्या, अगदी ड्यूकसाहेबांच्या आसनाच्या वर. आम्ही अक्षर काढले मात्र, त्या कठड्यावरून ओरडल्या,

"अहो गुरुजी, थांबवा! तुमचा तंबू उलटा पडलाय!"

"बाई, खाली या आणि टाके घाला," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला अक्षर वाचता येतं का?"

"वाचता येत नाही. पण अठ्ठेचाळीस रुमालांवर भरलंय. त्याचं डोकं कुठे आणि पाय कुठे, एवढं कळतं मला. या बाजूनं ते दुसरंच दिसतंय. दोन वर्षांपूर्वी भरलं होतं आणि मग बसून उसवलं होतं ना, ते!"

दोन वर्षांपूर्वी ड्यूकसाहेबांची सोयरीक व्हालेरी नावाच्या मुलीशी ठरली होती आणि मोडली होती. त्यांच्या लिपीतला 'व्ह' म्हणजे, आडवी रेघ सोडली तर, उलटा तंबूच. नवरीचे काका आधीच संशयाने आले होते. लग्नाच्या नाचात त्या मुलीचे अक्षर दिसले असते, तर ते तिथूनच घोड्यावर बसले असते.

अशी चूक आमच्याच दरबारात होऊ शकत होती. ड्यूकसाहेबांच्या आसनाच्या चौथऱ्यावर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही आणि आसन रिकामे असले तरी त्याला लवून पुढे जायचे, असा रिवाज होता. तीन महिने सगळे त्या आसनाला लवले, पण तिथून नाच कसा दिसतो हे कुणीच पाहिले नाही. गुरुजी समोरच्या टोकाला वादकांपाशी उभे असत. अक्षर त्यांना सुलट दिसे.

"कागदावर बरोबर आहे," गुरुजी पुटपुटले.

"कागद तुमच्या हातात आहे, सरकारांच्या नाही," पेरीनबाई म्हणाल्या.

मुखवट्याच्या आतून ओदिने कळवळले, "गुरुजी, मला उलटं वाहायला सांगू नका हो. तीन महिन्यांनी कुठे डावा पाय सापडलाय!"

उपाय एकच होता. पावले तीच ठेवून सगळ्यांनी समोरच्या, वादकांकडच्या दाराने आत यायचे, म्हणजे अक्षर आपोआप फिरेल. पण ते दार फक्त ड्यूकसाहेबांचे. ते मागायचे म्हणजे चूक कबूल करायची.

"नाहीच सांगितलं तर?" ओदिने हळूच म्हणाले. "कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही."

गुरुजींनी कागद हातातल्या हातात फिरवून पाहिला. मग त्याची घडी घातली. "तुम्ही माझ्याबरोबर चला," ते ओदिनेंना म्हणाले. "एकट्याचे पाय उचलत नाहीत." मला अंगावरून उतरवायला अर्धा तास लागे, म्हणून मीही तसाच गेलो.

ड्यूकसाहेब पेअरचे फळ सोलत होते. "बोला तिबो, या वेळी कुणाची चूक?"

"माझीच सरकार. मी माझ्या जागेवरूनच बघत राहिलो. आपल्या जागेवरून कसं दिसेल, हा विचारच केला नाही. आता आपल्या दारानं आत येऊ दिलंत, तरच अक्षर सुलट दिसेल."

ड्यूकसाहेबांनी फळ सोलून संपवले. "दार उघडून देतो," ते शेवटी म्हणाले. "पण इटलीलाही पत्र जाईल. शब्द दिलाय मी."

"बरं सरकार," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी विचारले, "दार रुंद आहे ना? नदी अडकायची."

संध्याकाळी आम्ही त्या दाराने आत गेलो. वादकांपाशीची गुरुजींची जागा आता आमच्या वाटेत आली होती, त्यामुळे त्यांना खाली उभे राहायला जागाच उरली नव्हती. पेरीनबाई त्यांच्या बाहीला धरून त्यांना सज्जात घेऊन गेल्या. अक्षर पुरे झाले आणि माझा पदर एका रांगेपासून दुसऱ्या रांगेपर्यंत पसरला. नवरीने बोटाने हवेत तो तंबू गिरवला आणि ती हसली. तिच्या काकांनी तोवर निघायच्या तयारीने हातमोजे चढवलेलेच होते. ते त्यांनी काढून मांडीवर ठेवले.

वर गुरुजी कठड्याला घट्ट धरून उभे होते. नंतर पेरीनबाई माझी उसवलेली किनार शिवताना हे सांगत. गुरुजी म्हणाले होते, "बाई, चाळीस वर्षं मी हे बसवतोय. हे असं दिसतं?"

"असंच दिसतं की. आम्ही शिवणवाल्या दर बॅलेला इथूनच बघतो."

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

वसंतात इटलीचा गुरू आला. गुरुजी आपल्या बहिणीकडे राहायला गेले आणि तिथे पाववाल्यांच्या, चांभारांच्या मुलींना नाच शिकवू लागले. पेरीनबाई एकदा त्यांना भेटून आल्या. शिकवायला लागण्याआधी ते आता खोलीतल्या प्रत्येक बाकावर जाऊन बसून बघतात, असे त्या सांगत.

नव्या गुरूला उड्या हव्या होत्या. उड्यांना हलके कपडे लागतात आणि पाय दिसावे लागतात. माझ्यासारखे भारी पोशाख पेटीत गेले. वर्षानुवर्षे मी तिथे घडी होऊन पडून होतो. ओल लागली, कसर लागली. कुणीतरी चांदीसाठी माझे शंभरेक मासे खरवडून नेले. मग एका गावाच्या चर्चने मला मागून घेतले आणि माझे रेशीम वेदीवर अंथरायला कामी आले. तिथले पाद्रीबाबा प्रवचन देता देता मध्येच गाऊ लागत आणि सगळे गाव त्यांच्या मागून गाई. खरे सांगतो, दरबारातल्या वाहवेपेक्षा मला ते अधिक आवडले.

आता मी फार जीर्ण झालो आहे. मित्रांनो, तुमच्याकडे जुनी वस्त्रे असतील तर त्यांचे जरीकाम खरवडू नका. वर्षातून एकदा त्यांना सावलीतला वारा दाखवा. आणि कुणासाठी काही करायला घ्याल, तेव्हा ते त्याच्या जागेवरून कसे दिसते ते एकदा पाहून या. तिथे तुम्हाला मनाई असेल, तर झाडायला आणि शिवायला जो तिथे जातो त्याला विचारा. आणि तो सांगू लागला की हातातला कागद खाली ठेवून ऐका.