अर्सलानची गाडी

गाडीवर अर्सलानचं नाव रंगवलंय, हे सुमैय्याला मैदानात पोचेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. लाल पत्र्यावर पिवळी, तिरकी, इंग्रजी अक्षरं. खाली बारीक अक्षरांत ‘कायम आमच्यात’. तिने ते वाचलं आणि वडिलांकडे पाहिलं. अलीमियाँ गाडीच्या नाकाशी उभे राहून फोटो काढून घेत होते. इतक्या वर्षांत तिने त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

“कसं वाटलं?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“मला आधी सांगायचं तरी, अब्बा.”

“अगं, सांगितलं असतं तर सरप्राइज कसलं?”

जानेवारीतला शनिवार होता, दुपार कलली होती. शारजाच्या बाहेर, वाळूच्या कडेला सपाट करून घेतलेल्या जागेत जुन्या ड्रॅग गाड्यांच्या शौकिनांनी मेळावा भरवला होता. सरळ रस्त्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत सुसाट सुटायचं आणि थांबायचं, एवढ्याच एका कामासाठी बनवलेल्या या गाड्या. आता त्यांना पळवत नाहीत. मागची चाकं लोखंडी स्टँडवर उचलून ठेवतात, इंजिन सुरू करतात, रेस देतात, लोक ऐकतात, आणि मग बंद करतात. एवढंच. पण एवढ्यासाठी पिकलेल्या दाढ्यांचे लोक मस्कतहून गाडी हाकत येतात, कान वाचवायला हेडफोन चढवून उभे राहतात, आणि पहिला धडाका बसला की लहान मुलासारखे हसतात.

त्यात काय असतं ते सुमैय्याला ठाऊक होतं. तो आवाज कानाला नाही, छातीला ऐकू येतो. बरगड्या आतून वाजतात. पायाखालची जमीन थरथरते आणि माणसाला क्षणभर आपण कोण, कुठले, काही आठवत नाही. पंधरा वर्षांची असताना तिलाही तो आवाज वेड लावायचा. मोठ्या भावाच्या मागेमागे ती दर शुक्रवारी पाण्याचा कूलर घेऊन जायची आणि अम्मीची बोलणी खायची.

अलीमियाँचं तेव्हा दुबईत अल कुसैसमध्ये गॅरेज होतं. हर्णैहून आलेला माणूस, आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःचं शटर. गिऱ्हाईक चांगलं होतं, घरात कमी नव्हतं. पण त्यांना खूळ लागलं ते या गाडीचं. नळ्यांचा लांबलचक सांगाडा, पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मागे पिंपाएवढे टायर, इंजिन मध्ये आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, इंजिनाकडे तोंड करून. गाडी त्यांनी बांधली. चालवायला अर्सलान. बावीस वर्षांचा, हसरा, वडिलांच्या शब्दाबाहेर न जाणारा मुलगा. वाळवंटात एक वापरात नसलेला डांबरी पट्टा होता, तिथे हौशी लोक जमायचे. ना कुणाची परवानगी, ना अँब्युलन्स.

त्या शुक्रवारी पहिल्या फेरीत पॅराशूट उशिरा उघडलं. अशा गाडीला नुसत्या ब्रेकवर थांबवता येत नाही. मागून छत्री उघडली तरच ती आवरते. अर्सलानने ती कशीबशी थांबवली आणि दुसऱ्या गाडीने ओढून परत आणली. हेल्मेट काढून म्हणाला, “अब्बा, आज बस. छत्री अडकतेय. पुढच्या वेळी बघू.” इंजिन बंद होतं. भोवती अलीमियाँचे दोस्त उभे होते, कुणीतरी खुदकन हसलं. अलीमियाँ सगळ्यांकडे बघत म्हणाले, “भ्यालास का? जा मग, आईजवळ जाऊन बस.”

अर्सलानने सुमैय्याच्या हातातून पाण्याची बाटली घेतली, दोन घोट प्यायला, बाटली तिला परत दिली आणि हेल्मेट घातलं. दुसऱ्या फेरीत पॅराशूट उघडलंच नाही. डांबर संपलं, पुढे वाळू होती, आणि वाळूत गाडी उलटत गेली.

मयतीला आलेल्यांना अलीमियाँ सांगत होते, “मी नको म्हणत होतो. ऐकेल तर शपथ. जवान रक्त.” सुमैय्याने ते दाराआडून ऐकलं आणि चाळिसाव्या दिवसानंतर अम्मीला खरं काय ते सांगितलं. शहरबानूने नवऱ्याला एकदाच विचारलं. ते म्हणाले, “पोर लहान आहे. इंजिनाच्या आवाजात तिला काय ऐकू आलं असणार?” शहरबानू त्या उन्हाळ्यात हर्णैला गेली ती पुन्हा आली नाही. तिथेच राहिली, तिथेच गेली. आणि सुमैय्या वडिलांजवळ राहिली, शाळा होती म्हणून, मग कॉलेज, मग नोकरी, मग तहाशी लग्न. म्हातारे झाल्यावर वडील तिच्याच घरी आले.

पण ‘इंजिनाच्या आवाजात’ हे वाक्य घरात राहिलं. नातेवाईक तेच म्हणत, तहाही कधीतरी म्हणाला, “तू लहान होतीस गं.” वर्षं गेली तशी सुमैय्यालाही शंका यायला लागली. इंजिन खरंच बंद होतं ना? का आपल्याला तसं वाटलं? भाऊ गेला त्या दिवसाचं आपणच काहीतरी जुळवून घेतलं असेल. असं म्हटलं की वडिलांना जेवायला वाढणं सोपं जायचं.

मोडकी गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. दोन वर्षांपूर्वी धनंजय नावाच्या सांगलीकडच्या इंजिनिअरला तिचा पत्ता लागला. तो आणि त्याच्या क्लबच्या लोकांनी तिला पुन्हा उभं केलं. अलीमियाँ रोज त्याच्याकडे जाऊन बसायला लागले. भूक लागायला लागली, झोप लागायला लागली.

“हे बघा, आपले चीफ गेस्ट,” धनंजयने माइकवर त्यांना पुढे बोलावलं. “अलीचाचा! दुबईत ड्रॅग गाड्यांचं नावही कुणी घेत नव्हतं तेव्हा या माणसाने गॅरेजमध्ये गाडी बांधली!”

टाळ्या पडल्या. सुमैय्याची तेरा वर्षांची मुलगी मुनिबा मोबाइल वर धरून आजोबांचा व्हिडिओ घेत होती.

अलीमियाँनी माइक हातात घेतला आणि हिंदीत सुरू झाले. मुलाचं धाडस, मुलाची जिद्द. “त्या दिवशी मी त्याचा हात धरला होता. म्हटलं, बेटा, नको. तो म्हणाला, अब्बा, एकदाच. माझ्यासाठी एकदाच.” त्यांचा आवाज भरून आला. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने गॉगल काढून डोळे पुसले.

हात धरल्याचं सुमैय्याने पहिल्यांदाच ऐकलं. ‘अब्बा, एकदाच’ हेही नवीन होतं. गोष्ट वाढत चालली होती, आणि वाढता वाढता सुरेख होत होती.

“सो सॅड, मम्मा,” मुनिबा हळूच म्हणाली. “मामू वॉज सो ब्रेव्ह.”

“आणि आज,” अलीमियाँ म्हणाले, “त्याच्या जागेवर त्याची भाची बसणार! मुनिबा, ये बेटा. रेस तू द्यायचीस.”

मुनिबा गोंधळली. धनंजय त्यांच्या हातातला माइक बाजूला करून म्हणाला, “चाचा, हे आपलं ठरलं नव्हतं. इन्शुरन्सचं बघावं लागेल.”

“अरे हबीबी, स्टँडवर आहे गाडी. जागची हलणारसुद्धा नाही. काय होतंय?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुनिबा पुढे गेली, कुणीतरी तिला उचलून सीटमध्ये बसवलं, डोक्यावर हेल्मेट ठेवलं. समोर उघडं इंजिन, दोन्ही बाजूंना बाहेर वळलेले धुराचे नळ. तिने स्टीअरिंगवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“नाना, आय डोन्ट वॉन्ट टू. प्लीज. नेक्स्ट टाइम.”

अलीमियाँनी आधी गर्दीकडे पाहिलं. मग नातीकडे बघून हसत म्हणाले, “भ्यालीस का? जा मग, आईजवळ जाऊन बस.”

माइक अजून हातातच होता. शब्द मैदानभर गेले. गर्दीत काही जण हसले.

तोच सूर, तीच आधी लोकांकडे टाकलेली नजर. सुमैय्याला तेव्हा चुकीचं ऐकू आलं नव्हतं. तिने काही जुळवून घेतलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःला खोटं पाडत आली होती, या माणसाला ताटात भाकरी वाढता यावी म्हणून.

ती दोरी ओलांडून आत गेली. मुनिबाच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, तिला दंडाला धरून बाहेर घेतलं आणि वडिलांसमोर उभी राहिली. माइक आता त्यांच्या हातात खाली लोंबत होता, आणि ती बोलली ते फक्त त्यांना आणि मुनिबाला ऐकू जाईल इतक्या हळू.

“हेच म्हणालात तुम्ही त्याला.”

“काय?”

“हेच. शब्दन् शब्द. तो नको म्हणत होता, छत्री अडकतेय म्हणत होता, आणि तुम्ही हे म्हणालात. इंजिन तेव्हाही बंद होतं, अब्बा. आताही बंद आहे. मला नीट ऐकू आलंय.”

अलीमियाँचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ओठ हलले. सुमैय्याला वाटलं, आता बोलतील. काहीही बोलले असते, ओरडले असते, रडले असते तरी तिला चाललं असतं. त्यांनी माइकचं बटण बंद केलं, तो धनंजयच्या हातात दिला आणि म्हणाले, “यल्ला. मीच बसतो. चालू कर.”

दोघांनी धरून त्यांना सीटमध्ये उतरवलं. सुमैय्या म्हणत होती, “अम्मी का सोडून गेली ते तरी सांगा या लोकांना—” तेवढ्यात स्टार्टर घरघरला आणि गाडी पेटली.

आवाजाने सगळं मैदान झाकलं. नळांमधून ज्वाळा उसळल्या. अलीमियाँनी रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. सुमैय्या बोलतच राहिली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. तिने त्यांना खोटारडा म्हटलं. तिने भावाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, दोस्तांपुढे ऐट मिरवायला पोरगा घालवलात असं म्हटलं. एवढ्या वर्षांचं सगळं त्या आवाजाखाली गेलं, आणि छाती मात्र पूर्वीसारखीच धडधडत होती, त्याचा तिला मनस्वी राग आला.

या गाड्यांच्या नायट्रो इंधनाचा धूर डोळ्यांत जातो तेव्हा कुणालाच थांबवता येत नाही, पाणी येतंच. सगळ्या मैदानाचे डोळे वाहत होते. अलीमियाँच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं आणि लोक मोबाइल वर करून ते टिपत होते. ते धुराचं होतं की आणखी कशाचं, हे सुमैय्याला कळलं नाही. नंतरही कधी कळलं नाही.

इंजिन बंद झालं तेव्हा टाळ्या, शिट्ट्या. अनोळखी माणसं येऊन सुमैय्याला म्हणत होती, अल्ला त्याला जन्नत देवो. धनंजय लाल डोळ्यांनी मोबाइल घेऊन आला.

“सुमैय्याताई, हे बघा. काय क्षण आलाय!”

व्हिडिओत गाडीतून ज्वाळा निघत होत्या, आत म्हातारा बाप, आणि बाजूला ती उभी होती. डोळ्यांत पाणी, ओठ भराभर हलताहेत.

“तुम्ही दुआ करत होतात ना?” धनंजय हळुवारपणे म्हणाला. “लोकांना ते फार भिडेल. टाकू का आमच्या पेजवर? तुमची हरकत नसेल तर.”

“टाका,” सुमैय्या म्हणाली. आणि मुनिबाचा हात धरून गाडीकडे निघाली.

परतताना शारजाच्या रस्त्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. अलीमियाँ पुढच्या सीटवर होते, मुनिबा मागे.

“नाना,” मागून आवाज आला, “डिड यू रिअली से दॅट टू मामू?”

“तुझी मम्मा तेव्हा लहान होती, बेटा. त्या गोंगाटात—”

“आज गोंगाट नव्हता,” मुनिबा मराठीत म्हणाली. “माझ्या वेळी.”

पुढची गाडी सरकली. सुमैय्याने गाडी पुढे घेतली, पुन्हा थांबवली.

“मी काय त्याला मरायला बसवला होता?” अलीमियाँ समोरच्या काचेकडे बघत म्हणाले.

“नाही.”

“मग?”

त्या एका प्रश्नाच्या पुढे ते कधी जाणार नाहीत, हे सुमैय्याला तेवढ्यात कळून चुकलं. त्यांनी खरंच त्याला मरायला बसवलं नव्हतं. आणि एवढंच धरून ते उरलेलं आयुष्य काढणार होते.

“पुढच्या महिन्यात अबुधाबीला बोलावलंय,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “मी जाणार आहे.”

“जा.”

“तू येणार नाहीस?”

“नाही. मुनिबाही नाही.”

घरापाशी पोचल्यावर त्यांना फुटपाथची पायरी चढवेना. सुमैय्याने त्यांचा कोपर धरला, लिफ्टपर्यंत नेलं, शुगरची गोळी दिली, जेवायला वाढलं. पुढेही रोज वाढत राहिली. फक्त जेवताना समोर बसणं तिने सोडलं. पूर्वी ती आंब्याच्या लोणच्याची फोड निवडून त्यांच्या ताटात ठेवायची. आता बरणी टेबलावर ठेवून आत जायची.

तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. हर्णैहून चुलत्यांचे फोन आले, सगळे रडले म्हणाले. अलीमियाँ तो मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा लावत. मुनिबा उठून खोलीचं दार बंद करायची.

अबुधाबीच्या आदल्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात क्लबने दिलेला शर्ट होता, पाठीवर अर्सलानचा चेहरा छापलेला.

“याला इस्त्री करशील?”

सुमैय्याने कांदा चिरता चिरता मान वर केली. शर्टावरच्या चेहऱ्यावर घडी पडली होती, बरोबर डोळ्यांच्या खाली.

“खाली लाँड्री आहे,” ती म्हणाली.

मग त्यांनी चपला घातल्या, आणि शर्ट हातावर घेऊन लिफ्टकडे गेले.