दुहेरी काचेची खोली

आमच्या ह्यांच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं की शिरलं. मागच्या उन्हाळ्यात ग्वाल्हेर असं भाजलं की कूलरनंसुद्धा हात टेकले. तेव्हापासून हे घराच्या मागे हात धुऊन लागलेत. सिटी सेंटरला कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि म्हणाले, "शामला, आपण घर नाही, चाळणी बांधलीय. उन्हाळ्यात झळा आत, थंडीत ऊब बाहेर, आणि वीज वाया."

झालं! गच्चीला पांढरा रंग, वर सौर पॅनेल, अंघोळीच्या पाण्याला सौर हीटर, दारांच्या फटींना रबराच्या पट्ट्या. मागच्या खोलीच्या खिडकीला तर एकामागे एक अशा दोन काचा. खोली गरम करायला पॅनेलच्या विजेवर चालणारं यंत्रही बसवलं. आतला आवाजसुद्धा बाहेर जात नाही म्हणून हे खूष.

मी चिडवायची, "जग तापतंय म्हणता ना? मग मला हुडहुडी का भरते?"

"अगं, हवेचा तोलच गेलाय," हे म्हणायचे. "ऊनही बेभरवशाचं, थंडीही. आणि आपण कोळसा जाळत बसलो तर सीमूच्या लेकरानं जायचं कुठं?"

सीमू म्हणजे आमची सीमंतिनी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नात झाली आणि त्या मागच्या खोलीतच मायलेकींची खाट पडली. त्याच दिवशी ह्यांनी फर्मान काढलं, या घरात आता निखारा पेटणार नाही.

हे ऐकून विजयावन्सं भडकल्या. ह्यांची थोरली बहीण, बाळंतिणीचं करायला मुद्दाम दतियाहून आलेल्या. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा-बाळंतशोपा टाकायच्या आणि बाळंतिणीनं पांघरूण घेऊन शेक घ्यायचा, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. "शेकाशिवाय बाळंतपण? भाल्या, अरे, तुझ्या वेळी आईनं शेक घेतला म्हणून तू आज शहाणपणा शिकवतोयस!" ह्यांनी नाही म्हणजे नाही म्हटलं. भाऊ-बहीण एकाच माळेचे मणी. बोलणंच बंद झालं.

आणि नेमकं धुकं पडलं. दिवसचे दिवस सूर्याचं तोंड दिसेना. पॅनेल नावाला, त्यात वीज जात-येत असलेली, यंत्र नुसती कोमट फुंकर मारायचं. बाळाचे पाय गार लागले की मी ते तळहातांत धरून चोळत बसायची. त्या सकाळी वन्सं स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागल्या, "तो गच्चीवर पॅनेल पुसायला गेला की मी हळूच शेगडी नेते. कडी लावून घेईन. तू त्याला बोलू नकोस."

"न्या," मी म्हटलं, "पण ते वरचं रोशनदान तेवढं उघडं राहू द्या हं."

"उघडंच आहे की. मी कशाला बंद करू?"

खरंच होतं ते. अख्ख्या खोलीत छताजवळचा तो झरोका तेवढा ह्यांच्या हातून सुटला होता.

बारसं दोन दिवसांवर आलेलं, म्हणून मी डिंक-खारीक आणायला दालबाजारात गेले. दुकानदार खारीक तोलत होता तेवढ्यात ह्यांचा फोन.

"अगं, शेवटची फट पण बुजवली! मागचं रोशनदान. बाहेरून शिडी लावून थर्माकोल बसवला, कडेनं फोम मारला. जराही आवाज केला नाही, मायलेकी झोपल्यात ना. आता बघ खोली कशी राहते! चल, मी गच्चीवर जातो."

"अहो, थांबा! शेगडी..."

फोन बंद. हे असेच. आपलं सांगून झालं की ठेवला.

दर थंडीत पेपरात येतं आपल्याकडे, बंद खोली, सिगडी, आणि सकाळी कुणी उठलंच नाही. मी परत लावला, वाजत राहिला. गच्चीवर जाताना हे फोन खालीच ठेवतात. वन्संजवळ फोन नाही. शेजारच्या दौलतसिंहांना लावला, तर ते लग्नाला शिवपुरीत. खारीक तिथंच टाकली आणि समोरची ई-रिक्षा पकडली. "भैया, जल्दी चलो, बच्चे की जान का सवाल है!"

बाड्याच्या चौकात अर्धा तास सगळं अडकलेलं. टेम्पो, हातगाड्या, आणि धुक्यात पुढचं दिसेना. मी सीमूला लावत होते. बाळ झोपलं की ती आवाज बंद ठेवते, माहीत होतं, तरी लावत होते. आणि तिनं उचलला.

"आई..." आवाज जड, लांबून आल्यासारखा. "सर फट रहा है गं."

"सीमू, उठ! खिडकी उघड आधी! आत्याला उठव!"

"आत्या झोपलीय... मला पण नींद आ रही है. पाँच मिनट हं, आई."

"सीमू! सीमंतिनी!"

पलीकडे काही नाही. फोन चालूच होता. मी रस्ताभर त्यात ओरडत राहिले, शेवटी रिक्षावालाच हॉर्नवर हात दाबून धरून उलट्या बाजूनं घुसला. त्याचं भलं होवो.

घरात शिरले तर सगळं चिडीचूप. मागच्या खोलीला आतून कडी. दार बडवलं, ओरडले. पूर्वी त्या खोलीतली शिंक ओसरीवर ऐकू यायची. आता पट्ट्यांमुळे माझी लेक आत आहे की नाही तेही कळेना. तशीच धावत मागच्या अंगणात गेले, कुंडी उचलली आणि खिडकीवर आपटली.

काच फुटली. मागे दुसरी, जशीच्या तशी.

"शामला! वेड लागलं का?" गच्चीवरून हे ओरडले. "दुहेरी काच आहे ती!"

"आत शेगडी आहे! वन्संनी शेगडी लावलीय!"

ह्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. रोशनदानाला लावलेली शिडी अजून तशीच होती, तिच्यावरून हे कसे उतरले देव जाणे. तीच शिडी उचलून त्यांनी दुसऱ्या काचेत घातली. मी हात घालून खिटी काढली आणि आत उडी टाकली. वन्सं भिंतीला टेकून बसलेल्या, मान कलंडलेली. सीमू निपचित, फोन उशाशी. बाळाला उचललं तर हातात नुसतं गाठोडं. रडणं नाही, काही नाही.

मागोमाग आत येऊन ह्यांनी दाराची कडी काढली, धगधगती शेगडी उघड्या हातांनी उचलून बाहेर फेकली आणि सीमूला ओढत अंगणात आणलं, मग बहिणीला. मी धुक्यात उभी राहून बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारत होते. मारत होते आणि शिव्या देत होते, ह्यांना, वन्संना, त्या धुक्याला, देवाला. रड गं बाई, रड.

आणि रडली. आधी चिरका, मग मोठा टाहो. मी तिथंच मातीत बसले.

इस्पितळात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वाचलात. बारसं पुढे ढकललं. घरी आल्यावर वन्सं ओसरीवरच बसून राहिल्या, बाळाजवळ जाईनात. "भाल्या," त्या खालमानेनं म्हणाल्या, "रोशनदान बंद केलंस, ते सांगायचंस तरी रे."

"तू शेगडी लावणार ते तू सांगायचंस, ताई." ह्यांचे दोन्ही हात पट्टीत.

"बास!" मी ओरडले. "दोघांच्या मायेपायी माझी लेक मरत होती. आता एक शब्द नको."

रोशनदानातला थर्माकोल मी स्वतः उपटून काढला. संध्याकाळी हे पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन फुटक्या खिडकीशी उभे राहिले. गार वारा आत येत होता खरा. बाळ दोन रजयांत गुंडाळलेलं, पण भूक लागल्यानं ताणून रडत होतं. तेवढ्यात लग्नाहून परतलेले दौलतसिंह कुंपणापलीकडून म्हणाले, "वहिनी, नात फार रडतेय हो! आमच्या घरापर्यंत आवाज येतोय."

हे पुठ्ठा हातात धरून तसेच थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हळूच तो भिंतीला टेकवून ठेवला.

"येऊ दे, भाऊसाहेब," मी म्हटलं. "येऊ दे आवाज."